केलर्स फेरीत शेणव्याची पाच माणसं

केलर्स फेरी, अमेरिका
१४ एप्रिल २०००

हर्षे,

हे पत्र घेऊन आधी ओटीवर जा. आईंना आणि बाईजाआजीला समोर बसव आणि मोठ्यानं वाच. मला ठाऊक आहे, तू आधी एकटी वाचणार. डी.एड.ला होस्टेलवर माझी पत्रं तूच आधी फोडायचीस, आणि वर माझं लग्न आपल्या भावाशी जमवून त्याचा कायमचा परवाना मिळवलास. तरी सांगायचं काम केलं.

तू विचारलंस, तुमचं गाव कसं आहे. अगो, गाव नाय, सिटी! गाव म्हटलं तर इथल्या लोकांना राग येतो. तर भूगोल ऐक. मिसिसिपी नदी वरून सरळ येते आणि आमच्यापाशी कोपरासारखी वळते. त्या कोपराच्या आत आमचं केलर्स फेरी. मागं टेकडी, पुढं नदी, मध्ये सात रस्ते आडवे नि अकरा उभे, आणि जेमतेम पाच हजार माणसं. झाली सिटी. नदी मात्र बघत राहावी अशी. माझ्या माहेरी वैशाखऱ्याला भाद्रपदात काळू नदी भरून वाहते ना, तशा दहा काळू शेजारीशेजारी ठेव. वर उन्हाळ्यात आटायचं नाव नाही. तिच्यावरून मालाच्या सपाट लोखंडी बोटी, बार्जा, जातात, पंधरा-पंधरा एकत्र बांधलेल्या. तुझा दादा त्या बार्जांचे वेल्डिंगचे जोड तपासतो आणि घरी आल्यावर माझ्या पोळ्यांचे काठ.

आता इतिहास. १८५१ साली केलर नावाचा नावाडी इथं होडी घेऊन आला. माणसं, बैल, पेट्या पलीकडे सोडायचा. त्याच्या झोपडीभोवती शहर वसलं. म्हणजे पुढच्या वर्षी दीडशे वर्षं! त्याची पुस्तिका निघणार आहे. इथल्या ग्रंथालयात डॉर्थीबाई म्हणून आहेत, सत्तरी उलटलेल्या, चष्म्याला दोरी. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्यांनी इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या ही तिन्ही प्रकरणं माझ्या गळ्यात घातली. मी लिहायचं, त्यांनी माझं इंग्रजी सरळ करायचं. मी तर हवेतच आहे!

आणि खरी बातमी. इथं शिरगणती चाललीय. टपालानं कागद येतो, आपणच भरून पाठवायचा. हे आठवडाभर नदीवर होते, घरात मी एकटी. वर विचारलं होतं, घरात माणसं किती. मी आपल्या रेशनकार्डावर आहेत तशी, त्याच क्रमानं सगळी लिहिली. आजी बाईजा, बाबा चंदर, आई हौसा, अनिल, कुंदा, धाकटे भावजी आदेश, हर्षाली. सात! सूचनांचं एक पान होतं, ते बाजूला ठेवलं. रेशनकार्डाला कुठं सूचना असतात? लग्नानंतर बाबांनी वैशाखऱ्याच्या कार्डावरून माझं नाव कमी करून शेणव्याच्या कार्डावर चढवलं, त्या दिवशी मी तुमच्या घरची झाले. मग तुम्ही माझ्या घरची नकोत? कागद पेटीत टाकला आणि घर एकदम भरल्यासारखं वाटलं गो. आईंना सांग, तुम्ही आता अमेरिकेच्या कागदावर आहात.

तुझी,
कुंदा


शेणवा, ता. शहापूर
९ मे २०००

वहिनी,

आधी एकटीनं वाचलं, मग ओटीवर. दोन्ही वेळा मजा आली.

आई म्हणाली, "म्हंजे आमी अमेरिकेत हाव?" आजी म्हणाली, "मना कोनी इचारलं बी नाय, आन मी अमेरिकेत?" आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला. तेव्हापासून आईला धरवत नाही. एस्टीचा कंडक्टर झाला, पिठाची गिरणी झाली, परवा देवळात भटजींनाही सांगून आली, की आमची नावं लागली तिकडं. बाबा दाढी रोज करायला लागलेत. आदेश म्हणतो, आता मला तिकडं मत टाकायला बोलवा.

पण बाईसाहेब, तुमची सिटी म्हणजे पाच हजार माणसांची? म्हशाच्या जत्रेत नुसत्या घोंगड्यांच्या ओळीत तेवढी माणसं उभी असतात! आणि बैलबाजार वेगळा. तुमच्या सिटीत बैल किती, तेही लोकसंख्येच्या प्रकरणात घाल.

आमच्याकडेही शिरगणतीची तयारी सुरू आहे. माणसं पुढच्या फेब्रुवारीत मोजायची, आत्ता नुसती घरं आणि चुली. काम अर्थातच आम्हां मास्तरांना. मी हातात गेरूचा डबा घेऊन दारोदार नंबर टाकत फिरतेय. आपलं घर एकेचाळीस. मास्तर कमी पडले म्हणून धरणाच्या फुगवट्यापलीकडचा एक पाडाही माझ्याच वाट्याला आलाय. डोंगीत बसून जायचं. मला पोहता येत नाही हे साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, मॅडम, डोंगीला येतं ना.

तुझ्या नदीचं आणखी लिही.

हर्षाली


केलर्स फेरी
२० नोव्हेंबर २०००

लाडक्या नणंदबाई,

म्हशाची जत्रा डॉर्थीबाईंना सांगितली. त्यांनी तीनदा विचारलं, खरंच इतके बैल? आता त्यांना यायचंय.

ऐक, मी काय काय शोधलंय! आमची सिटी एके काळी बटणांवर जगत होती. नदीत शिंपले मिळायचे, बशीएवढे. लोक ते काढायचे, उकळायचे आणि कारखान्यात त्यांतून गोल चकत्या कापायचे. साऱ्या अमेरिकेच्या सदऱ्यांना इथली बटणं! अजून नदीकाठी भोकं पडलेले शिंपले सापडतात. मी दोन धुऊन ठेवलेत, एक तुला, एक आजीला. तेव्हा, १९०० साली, लोकसंख्या होती आठ हजार दोनशे. मग प्लास्टिक आलं, कारखाने बसले, १९५० ला सहा हजारांवर आली. १९९० ला पाच हजार तीनशे चाळीस. आणि १९९३ ला असा पूर आला की खालचे दोन रस्ते तीन आठवडे पाण्यात होते. खूप घरं परत उभीच राहिली नाहीत. अजून त्या जागी नुसत्या पायऱ्या आहेत, वर घर नाही.

आता सगळ्यांच्या जिवाला घोर लागलाय तो सांगते. या राज्याच्या नियमाप्रमाणे पाच हजार किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर सिटी. खाली गेलं तर सिटी नाही, आणि सिटी नाही तर इथल्या दवाखान्याला मिळणारी मदत बंद. मदत बंद म्हणजे दवाखाना बंद. पुढचा दवाखाना सव्वा तासावर, तोही रस्त्यावर बर्फ नसेल तर. लोक आकड्याची वाट बघतायत. मला दुसऱ्या कुणाला समजावायला नको, तुला तर मुळीच नको. वैशाखऱ्याहून माझ्या बाळंतपणात अडलेल्या धसईवाल्या मावशीला जीपमध्ये घालून मुरबाडला नेताना आपण दोघी मागच्या बाकावर बसलो होतो. टोकावड्याच्या पुढं मावशी... जाऊ दे, बाळ वाचलं हे महत्त्वाचं. पण तेव्हापासून जवळ दवाखाना म्हणजे काय ते मला कळतं.

आकडा मार्चमध्ये येणार. माझं लोकसंख्येचं प्रकरण त्यासाठी अडून बसलंय. भूगोलाचं संपलं. त्यात एक किचकट भानगड होती. १८८१ च्या पुरात नदीनं आपली वाट बदलली, आणि आमच्या बाजूचा जमिनीचा एक तुकडा पलीकडच्या काठाजवळ जाऊन पडला. त्याला बटणबेट म्हणतात. पलीकडचं राज्य वेगळं, त्यामुळे त्या तुकड्यावरून दोन राज्यांत बारा वर्षं कोर्टकज्जा चालला. मी ते दोन ओळींत उरकलं. कोण वाचणार?

तुझी,
कुंदा


शेणवा
१८ फेब्रुवारी २००१

वहिनी,

हे पत्र ओटीवर वाचून दाखवलेलं नाही. तूही एकटीच वाच.

गेल्या महिन्यात शहापूरला आमचं प्रशिक्षण झालं. तीन दिवस एकच गोष्ट घोकून घेतली: जो जिथं राहतो, एका चुलीवर जेवतो, तो तिथंच मोजायचा. कामाला सहा महिन्यांवर बाहेर गेलेला, परदेशात असलेला, घरचा असला तरी लिहायचा नाही. मी मान डोलावत होते. माझ्या डोक्यात काही आलं नाही.

चार दिवसांपूर्वी आपल्याच घराची पाळी होती. मी तक्ते मांडीवर घेऊन ओटीवर बसले. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. म्हणाली, "लिही. पयली आत्याबाय. मंग तुझा बाप. मंग मी. मंग अनिल."

म्हटलं, "आई, दादा नाय लिहिता येत."

"का?"

"तो इथं राहत नाय."

"राहत नाय म्हंजे? कामाला गेलाय तो. तुझा बाप ठान्याला कंपनीत व्हता, म्हयन्यानं घरी यायचा. तवा तो ह्या घरचा नव्हता?"

"तसं नाय गो. नियम हाय."

"घरचा मानूस मोजायचा नाय तं काय शेजारचा मोजायचा? आन कुंदानं आमाला कशी मोजली मंग? ती शिकलेली नाय?"

वहिनी, माझ्या हातातलं पेन तिथंच थांबलं. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल असं मी स्वतःला समजावून पाहिलं. शहापूरच्या आमच्या साहेबांना सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, जगात कुठंही जा, माणूस राहतो तिथंच मोजतात, नाहीतर एकच माणूस दोनदा येईल. मी पाच नावं आपल्या तक्त्यात लिहिली. म्हणजे आपण पाच जणं इथंही आहोत आणि तुझ्याकडंही आहोत. तुझ्या गावाचा आकडा पाचानं खोटा आहे. आणि त्या आकड्यावर दवाखाना आहे.

आईला हे सांगितलेलं नाही. ती माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती. काल तुळशीला गेरू लावता लावता उठली, दाराशी गेली आणि एकेचाळीसच्या शेजारी बोटानं दोन उभ्या रेघा ओढल्या. म्हणाली, "हा अनिल, ही कुंदा. तुझ्या कागदात नसतील तं नसू दे." आज आमचे साहेब तपासायला आले. विचारलं, मॅडम, हे काय? म्हटलं, साहेब, त्या सरकारी नाहीत.

हर्षाली


केलर्स फेरी
१५ मार्च २००१

हर्षे, हर्षे, हर्षे!

पाच हजार तीन!

आज दुपारी आकडा आला. अग्निशमनवाल्यांनी भोंगा वाजवला, दोन्ही चर्चच्या घंटा वाजल्या, नदीवरच्या बार्जवाल्याला काय कळलं कोण जाणे, त्यानंही शिट्टी दिली. डॉर्थीबाई ग्रंथालयात, जिथं कुजबुजलेलंही चालत नाही, तिथं मला मिठी मारून ओरडल्या. दवाखान्यातल्या नर्सेस रस्त्यावर येऊन नाचल्या गो! हार्डवेअरच्या दुकानवाल्यानं सगळ्यांना फुकट खिळे वाटले, का ते विचारू नकोस. तीनच जास्त! चार माणसं इकडची तिकडं झाली असती तर संपलं होतं. मी आज रात्रीच प्रकरण पुरं करून देते. आईंना म्हणावं, तुमच्या सुनेची सिटी राहिली!

तुझीच कुंदा


केलर्स फेरी
१७ मार्च २००१

हर्षाली,

परवाचं पत्र टाकलं आणि काल तुझं आलं.

मी हिशेब किती वेळा केला असेल. पाच हजार तीनमधून पाच गेले की चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. दोन कमी. त्या दोन माणसांसाठी माझा रात्रभर डोळा लागला नाही. सूचनांचं ते पान मी कचऱ्यात टाकलं होतं, आता दुसरं मिळवून वाचलं. पहिल्याच ओळीत लिहिलंय.

तुझ्या दादाला सांगितलं. ते म्हणाले, "गप बस. आपण परक्या मुलखात. कोण विचारतंय? आणि दवाखाना राहतोय ना, मग बिघडलं कुणाचं?" खरं आहे ते. माझ्या चुकीनं इथलं भलंच होतंय. पण हर्षे, त्या पुस्तिकेत लोकसंख्येच्या खाली माझं नाव छापून येणार आहे. शाळेत बेरीज चुकली तर आपण पोरांना उभं करायचो. मी सांगितलं तर दवाखाना जाईल, आणि नाही सांगितलं तर डॉर्थीबाईंच्या तोंडाकडं मी बघू कशी?

तूच सांग. तू शिरगणतीवाली आहेस.

कुंदा


शेणवा
६ एप्रिल २००१

वहिनी,

दादा म्हणतो ते चूक आहे. तो जोड तपासतो ना? एखादा जोड कच्चा दिसला आणि वरून बोट चांगली दिसतेय म्हणून तो सही करेल का, विचार त्याला.

तुला सांगावं लागेल. मी गोड बोलणार नाही. पण घाबरून नुसती रडत बसलीस तर थेट तिथं येऊन कान धरेन, डोंगीनं का होईना.

आता माझं ऐक. मोजणाऱ्यानं जास्तीची नावं खोडायची तशी राहून गेलेली शोधायचीही असतात. पलीकडच्या पाड्यात मे महिन्यात मी चौदा घरं लिहिली होती. फेब्रुवारीत गेले तर सहा घरांना दोरी बांधलेली. साहेब म्हणाले, बंद लिहा आणि मोकळ्या व्हा. पाड्यावरच्या लहानीआजीला विचारलं, तर तिनं नुसतं बोट वर केलं. मंगळू म्हणून डोंगी चालवणारा आहे, तो हसला आणि म्हणाला, "बाय, कागदात नको बघू. धूर बघ." वरच्या अंगाला, फुगवट्याच्या दुसऱ्या फाट्यापलीकडं, तीन ठिकाणी धूर निघत होता. आम्ही गेलो. सहा घरची माणसं तिथं नाचणीच्या मळ्यावर खोपी करून राहिली होती. तेवीस! एका खोपीत सावळी नावाची पोर, आठ दिवसांची. तिचं नाव तिच्या आईनं माझ्या डोळ्यांदेखत ठेवलं, मला लिहायचं होतं म्हणून. त्या वरच्या जागेबद्दल पाण्यापलीकडचे लोक म्हणतात ती इकडची आणि इकडचे म्हणतात ती तिकडची, म्हणून मोजायला आजवर कुणीच गेलं नव्हतं.

तर मला तुझं नोव्हेंबरचं पत्र आठवलं. ते तुझं बटणबेट. नदीनं वाट बदलली आणि तो तुकडा पलीकडं पडला म्हणालीस. तू दोन ओळींत उरकलंस. कोर्टाचा निकाल काय लागला ते लिहिलं नाहीस. तिथं कुणी राहतं का, तेही नाही. भूगोलाची बाई ना तू?

आधी चूक कबूल कर. मग धूर बघ.

तुझी हर्षाली

आईला शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "मंग आमाला खोडा. पन दवाखाना खोडू नका."


केलर्स फेरी
२ जून २००१

हर्षे!

बस खाली. हे ओटीवर वाच, सगळ्यांसमोर वाच, आळीला बोलाव!

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी डॉर्थीबाईंकडं गेले. सगळं सांगितलं, रेशनकार्डापासून.  त्या ऐकत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "ती पाच माणसं कोण?" मला वाटलं, तक्रार लिहून घेतायत. मी नावं सांगितली. त्यांनी एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं. बाईजा म्हणजे कोण, किती वर्षांची, काय करते? हौसा काय करते? मी सांगत गेले आणि रडत गेले. मग म्हणाल्या, "आता कौन्सिलपुढं तूच सांगायचंस."

कौन्सिलच्या बैठकीत सारं शहर होतं. तुझा दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तुझं ते जोडाचं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं होतं. मी सांगितलं. खिळे वाटणारा दुकानवाला उठला आणि म्हणाला, ह्या बाईनं आमचा दवाखाना घालवला. कुणी त्याला गप्प केलं नाही.  मग मी माझी पिशवी उघडली आणि नकाशा काढला.

हर्षे, मी तुझं पत्र आल्यापासून आठ दिवस ग्रंथालयाच्या तळघरात बसले होते. १८९३ चा निकाल सापडला. त्यात स्वच्छ लिहिलंय: नदी कुठंही वळो, हद्द जुन्या पात्रातूनच. बटणबेट आजही केलर्स फेरीचंच आहे! पलीकडच्या राज्याला खेटून आहे, टपाल तिकडून जातं, म्हणून आमच्या शिरगणतीवाल्यांनी ते कधी आपलं मानलंच नाही, आणि तिकडच्यांनीही नाही. मी म्हटलं, मी टेकडीवर चढून पाहिलंय. तिथं धूर दिसतो.

आधी कुणाला पटेना. मग तोच खिळेवाला म्हणाला, माझी बोट आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तो, डॉर्थीबाई, कौन्सिलचा कारकून, तुझा दादा आणि मी. मलाही पोहता येत नाही, तुला ठाऊक आहे. बेटावर उंच खांबांवर तीन घरं. पुराला पुरून उरलेली! शिंपले काढणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं. एक म्हातारी धुरकट चुलीवर कॉफी करत होती, हुबेहूब आपली बाईजाआजी, फक्त विजार घातलेली. कारकुनानं विचारलं, गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या तारखेला, शिरगणतीच्या दिवशी, इथं कोण कोण राहत होतं? ती म्हणाली, आम्हीच, आणखी कोण? कागद आला होता का? नाही. कुणी मोजायला आलं होतं? ती म्हणाली, "माझ्या आयुष्यात कुणी नाही."

नऊ! हर्षे, नऊ माणसं! चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव आणि नऊ!

मी तिथंच चिखलात बसले. खिळेवाल्यानं मला हात देऊन उठवलं आणि टोपी काढली. कौन्सिलनं दुरुस्तीचा अर्ज पाठवलाय. आधी पाच वजा करा, मग नऊ मिळवा, सोबत निकालाची नक्कल. उत्तर यायला महिने लागतील. पण मी आता झोपतेय.

तुझी कुंदा


केलर्स फेरी
२४ नोव्हेंबर २००१

हर्षा आणि ओटीवरचे सगळे,

अर्ज मंजूर झाला. वेशीवर नवी पाटी लागलीय: केलर्स फेरी सिटी, लोकसंख्या ५,००७. बटणबेटाची म्हातारी पाटी बघायला बोटीनं आली आणि स्वतःची माणसं बोटांवर मोजून पाहिली, आकड्यात आहेत का म्हणून. दवाखान्याची मदत चालू राहिली.

सोबत पुस्तिका आणि ते दोन शिंपले पाठवतेय. बटणबेटाला आता दोन ओळी नाहीत, सहा पानं आहेत. लोकसंख्येच्या प्रकरणाचं शेवटचं पान उघड. ते मी लिहिलेलं नाही. डॉर्थीबाईंनी मला न विचारता छापलं. त्याचं मराठी असं:

"२००० साली या शहरात आणखी पाच माणसं मोजली गेली. ती शेणवा, तालुका शहापूर इथं राहतात. नियमाप्रमाणे ती संख्येतून वगळली आहेत. पुस्तकातून वगळलेली नाहीत." आणि खाली नावं. बाईजा, वय ७९, भात लावते आणि पोरांना गोष्टी सांगते. चंदर. हौसा. आदेश. हर्षाली, शिक्षिका, जिनं धूर बघायला सांगितलं.

मी वाचून दाखवायला बसले तर तुझा दादा पुस्तक हातातून घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. बऱ्याच वेळानं आला.

आणखी एक. मला मे महिन्यातली तारीख दिलीय. इथल्याच दवाखान्यात, घरापासून चालत सात मिनिटं. ज्या नर्सेस रस्त्यावर नाचल्या होत्या त्यांतलीच एक मला तपासते. मूल पाटीवर यायचं नाही, पाटी आता थेट दहा वर्षांनी बदलणार. आईंना हे तू सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे.

कुंदा


शेणवा
२९ जानेवारी २००२

वहिनी गो,

पार्सल म्हशाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी आलं. ओटीवरच वाचलं, या वेळी आधी एकटीनं नाही. आजीनं आपल्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. शिंपला तिनं कमरेला खोचलाय. बाबांनी पुस्तक जत्रेत नेलं. बैल बघायचे सोडून लोक ते बघत होते.

मे महिन्याचं मी आईला शेवटी सांगितलं. ती तशीच उठली, चुलीकडं गेली, तिथून परसात गेली. मला वाटलं, रडायला गेली. आली तेव्हा हातात गेरूची वाटी होती.

पावसात त्या दोन रेघा पुसल्या होत्या. दिवाळीत तिनं त्या पुन्हा ओढल्या होत्या, मी तुला लिहिलं नव्हतं. आता दाराशी जाऊन तिनं एकेचाळीसच्या शेजारी तिसरी ओढली. धाकटी, त्या दोन रेघांच्या मध्ये.

म्हटलं, "आई, अजून जन्माला नाय आलं ते. कुठल्याच कागदात बसत नाय."

"तुझ्या कागदाचं तुझ्यापाशी," ती म्हणाली. "माझ्या दारावर मी मोजतंय."

हर्षाली